देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणे

जेवणाच्या टेबलावर सकाळपासून रेडियमची चार भेंडोळी पडली आहेत. दोन लाल, दोन पांढरी. "आत्या, वीत-वीत लांबीच्या पट्ट्या कापून ठेव, सहाला न्यायला येतो," असं सांगून भाचा कामावर गेला. एकतीस वर्षं नर्सिंग केलं, पण रेडियमचा डिंक लागला की ड्रेसिंगची कात्री कायमची बाद होते, हे मला आज कळलं.

उसाचा हंगाम सुरू झालाय. आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, जीभ अजून वळत नाही) म्हणजे रात्री रस्त्यावर डबल ट्रॉल्या. पुढे टेपवर गाणी दणकत असतात आणि मागे मात्र ना दिवा, ना रेडियम. भाचा आणि त्याचे दोन मित्र दर हंगामात चार-पाच रविवार हायवेवरच्या एका टपरीपाशी उभे राहतात आणि चहाला थांबलेल्या ट्रॉल्यांना मागून पट्ट्या चिकटवतात. पहिल्या वर्षी ही पोरं आरटीओची समजून ड्रायव्हर चहा अर्धा टाकून पळाले होते. आता तेच चहा पाजतात.

भाच्याचे वडील म्हणजे माझा धाकटा भाऊ. मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं त्याचं. फेब्रुवारी २०१० मध्ये एका शेतकऱ्याचा पंप बसवून रात्री नऊच्या सुमाराला मोटारसायकलवर परत येत होता. रस्त्यात पंक्चर झालेली उसाची ट्रॉली अर्ध्या डांबरावर उभी. ट्रॅक्टर सोडवून, चाक घेऊन ड्रायव्हर गेलेला. मागे एखादी बाभळीची फांदी किंवा चार दगडसुद्धा ठेवलेले नव्हते. त्यातच समोरून एका गाडीचा अप्पर डोळ्यांवर आला असणार. तो थेट ट्रॉलीखाली घुसला.

दवाखान्यात मी पोचले तेव्हा वहिनी आयसीयूच्या दाराशी उभी होती. मी टॉर्चनं त्याच्या बाहुल्या पाहिल्या. दोन्ही फैलावलेल्या, प्रकाशाला हलेनात. वळले तर वहिनी डॉक्टरांकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती. मी टॉर्च खिशात ठेवायला उगाच वेळ लावला. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. एकेचाळीस वर्षांचा होता. पोरगा नऊ वर्षांचा.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, मयताच्या घरी रोज संध्याकाळी प्रार्थना होते. लोक मनापासून येतात, डबे आणतात, चटया घालतात, आणि मग बोलतात. देवाची इच्छा. देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. चौथ्या दिवशी एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "यात देवाची काहीतरी योजना असणार." आई तेव्हा शहात्तर वर्षांची होती. कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली. तिथूनच म्हणाली, "योजना कसली? ट्रॉलीला दिवा नव्हता."

खोलीत कोणी काही बोललं नाही. पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, शहाणपणा करून गीत सुरू केलं.

बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात सगळं गमावून बसलेल्या ईयोबाकडे त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसतात. तिथपर्यंत त्यांचं सगळं बरोबर होतं. मग त्यांनी तोंड उघडलं. शेवटी देव त्यांना सांगतो की माझ्याविषयी तुम्ही बरोबर बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. आता सात गोऱ्हे आणि सात मेंढे घेऊन त्याच्याकडे जा. फुकटच्या सांत्वनाला एवढा दंड. हा उतारा दर वर्षी प्रत्येक मंडळीत मोठ्यानं वाचायला हवा, असं माझं मत आहे.

पोलिसांत तिसऱ्या दिवशी एक पोरगा हजर झाला. बीडकडचा, बावीस-तेवीस वर्षांचा, हंगामाला आलेला. म्हणाला, ट्रॉली मीच लावली होती. ३०४-अ (निष्काळजीपणानं मृत्यू), २७९ (बेदरकार वाहन चालवणं), २८३ (रस्त्यात अडथळा) अशी कलमं लागली. ट्रॅक्टरमालकाचं घर वजनदार, त्याविषयी इथे जास्त लिहीत नाही. पण दोन-तीन महिन्यांनी मी त्या रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेले होते. हवा भरता भरता, वर न बघता तो म्हणाला, "सिस्टर, हा नव्हता. मालकाचा पोरगा होता."

"कोर्टात सांगाल?"

"मला इथंच पंक्चर काढायचंय."

म्हणजे खात्रीनं मलाही काही माहीत नाही. कानावर आलेलं एवढंच. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढची आठ वर्षं मी खात्री असल्यासारखीच वागत होते.

आठ वर्षं आई प्रत्येक तारखेला गेली. तालुक्याचं कोर्ट, आवारात कडुनिंबाचं झाड, त्याखाली सिमेंटचा बाक. पांढरं पातळ, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत बायबल, बीपीच्या गोळ्या आणि ग्लुकोजची बिस्किटं. सरकारी वकील म्हणायचे, आजी, तुम्ही कशाला येता, तुमची साक्ष नाही. आई म्हणायची, "पुकारा झाला की त्याचं नाव घेतात ना. ते ऐकायला कोणीतरी पाहिजे."

एकदा आरोपी पोरगाही त्याच बाकावर येऊन बसला, दुसरीकडे जागा नव्हती. आईनं बिस्किटाचा पुडा फोडला, दोन स्वतः घेतली आणि पुडा मधे ठेवला. तो पुडा तसाच राहिला. दोघांपैकी कोणीच त्याच्याकडे बघितलं नाही.

नुकसानभरपाईच्या दाव्याचं थोडक्यात सांगते. विमा कंपनीच्या कैफियतीत लिहिलं होतं की मयत हा स्वतःच भरधाव आणि निष्काळजीपणे वाहन चालवत होता. वहिनीनं ती प्रत वाचली, घडी घातली आणि त्यानंतर महिनाभर तिनं मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, गीत म्हटलं नाही. पुढे लोकअदालतीत तडजोड झाली. आलेल्या पैशांत भाच्याचं डिप्लोमाचं शिक्षण झालं.

आईचं बायबल तिच्या आईचं होतं. आजी १९०० च्या दुष्काळात केडगावच्या मुक्ती मिशनला, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या आश्रमाला, आलेली मुलगी. हे केडगाव दौंड तालुक्यातलं, नगरजवळचं नव्हे. आजीला आपलं गाव आठवत नव्हतं, आडनावही नाही. पंडिता रमाबाईंनी तिला वाढवलं आणि मोठी झाल्यावर ती तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायला बसली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणत होत्या आणि मुक्तीतल्या बायका ते छापत होत्या. त्या बाईंनी काय काय पाहिलं होतं! १८७० च्या दशकात भटकंतीत, उपासमारीत आई, वडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, पण त्याच्या थोडं आधीपर्यंत भाषांतराचं काम चालूच होतं. अख्खं बायबल छापून निघालं १९२४ साली. मुलीला पुरून आलेली आई विलापगीत आणि ईयोब यांची प्रुफं तपासत बसली असेल का, हा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो. माझ्या आईला असल्या विचारांत रस नव्हता. तिला ते बायबल आवडायचं कारण अक्षर मोठं होतं आणि समासात पेन्सिलनं लिहायला जागा होती.

तिची आवडती जागा लूक अठरा, म्हणजे लूकच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय. तिथं येशूनं सांगितलेली गोष्ट आहे: विधवा आणि अन्यायी न्यायाधीश. ना देवाला भिणारा, ना माणसांची भीड ठेवणारा असा एक न्यायाधीश, आणि त्याच्याकडे रोज येणारी एक बाई. शेवटी तो वैतागून म्हणतो की हिचा निकाल लावलेला बरा, नाहीतर ही येऊन येऊन मला बेजार करील. एका घरसभेत पाळकसाहेबांनी सांगितलं की मूळ ग्रीकमध्ये 'बेजार' या जागी जो शब्द आहे, तो डोळ्याखाली ठोसा मारण्याचा आहे. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. येशूनं हा विनोद कोर्टात जाऊन आलेल्या लोकांसाठीच सांगितला असणार, असं तिचं म्हणणं होतं. "असला जज्जसुद्धा शेवटी ऐकतो, मग माझा तर असला नाही," एवढंच ती त्यावर बोलायची.

२०१८ मध्ये निकाल लागला. पंक्चरवाला साक्षीला आला आणि म्हणाला, मी त्या दिवशी दुकान लवकर बंद करून गेलो होतो. फितूर. संशयाचा फायदा देऊन आरोपी निर्दोष. पाच मिनिटांत आम्ही बाहेर. तो पोरगा आईच्या पाया पडायला वाकला, मग मधेच थांबला आणि तसाच निघून गेला.

रिक्षात आई म्हणाली, "बरं झालं, त्या लेकराला सोडलं."

मी एवढी चिडले की रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. मग आठ वर्षं कशाला हेलपाटे घातलेस? कशाला रोज गुडघे टेकून न्याय मागत होतीस?

"न्यायच मागत होते," ती म्हणाली. "त्याला शिक्षा कुठं मागत होते? तो नव्हता, हे तूच सांगितलंस ना मला?"

खरंच होतं. त्या पोराला दोन वर्षं झाली असती तर ती निकालपत्रात न्याय म्हणून लागली असती, आणि मी पेढे वाटले असते.

आता काठीचं सांगते.

२०२० मध्ये ट्रॅक्टरमालकाला पॅरालिसिस झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. भगिनी मंडळातल्या एकीचा फोन आला. आधी नेहमीसारखं "सलाम सिस्टर" म्हणाली, मग आवाज खाली आणून, "ऐकलं का? देवाच्या काठीला आवाज नसतो." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन शिरा केला. बेदाणे, काजू, वेलदोडा, सगळं घालून. रवा भाजताना मी गुणगुणत होते, हे मला नंतर आठवलं.

आईसमोर बशी ठेवली. "आज काय आहे?" मी सांगितलं. तिनं चमचा खाली ठेवला.

"त्याला काठी बसली म्हणतेस. मग आपल्या पोराला काय बसलं होतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पॅरालिसिस ही देवाची काठी असेल, तर ट्रॉलीही काठीच ठरते. एका घरी मोजायला एक माप आणि दुसऱ्या घरी दुसरं, असं चालत नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. त्यांच्याविषयी येशूनं विचारलं की यरुशलेमेतल्या बाकी सगळ्यांपेक्षा ती जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच नाही म्हणाला. रविवारच्या शाळेत मी हा भाग मुलांना कितीदा शिकवला होता! शिरा करताना तो आठवला नाही.

आणि त्याच रात्री मी आईला एक गोष्ट सांगितली. सत्तावीस वर्षं कोणाला सांगितली नव्हती. आज इथे लिहायची की नाही, यावर तीन दिवस घातले.

१९९३ च्या पावसाळ्यात माझी नाइट ड्युटी होती, बाळंतिणींचा वॉर्ड, मी एकटी. एका बाईला संध्याकाळी मुलगी झाली होती. दर तासाला बीपी, नाडी आणि रक्तस्राव पाहायचा होता. दोनला पाहिलं, ठीक होतं. तीनला मी खुर्चीत बसले आणि डोळा लागला. चारला दचकून उठले तर चादर भिजून रक्त गादीत उतरलं होतं. डॉक्टरांना बोलावलं, धावपळ झाली, सकाळी सहाला ती गेली. डॉक्टर यायच्या आधीच्या दोन मिनिटांत मी तक्त्यावर लिहिलं: तीन वाजता, पेशंट स्थिर. खाली सही केली. मला कोणी काही विचारलं नाही. बाईचा नवरा जाताना मला हात जोडून गेला.

म्हणजे पंक्चरवाल्याच्या नावानं आठ वर्षं बोटं मोडत होते ती मी, त्याच्याआधी पंचवीस वर्षं फितूर झाले होते. त्याला निदान भीती होती. मला नोकरीची काळजी होती, दुसरं काही नाही.

देवाचा न्याय लवकर येवो, असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक दुसऱ्याच्या पत्त्यावर येवो असंच मनात असतं. आई सगळं ऐकून बराच वेळ गप्प होती. जवळ घेईल, डोक्यावरून हात फिरवेल असं मला वाटत होतं. तसं काही झालं नाही. तिनं विचारलं, "तिचं नाव आठवतं?"

"हो."

"आणि त्या पोरीचं?"

पोरीचं नाव ठेवेपर्यंत ते लोक आमच्याकडे राहिलेच नव्हते.

"मग आईच्या नावानं प्रार्थना करत जा रोज. आणि क्षमा मागताना घाई करू नको," एवढं बोलून ती झोपायला गेली. शिरा दुसऱ्या दिवशी कामवाल्या ताईंच्या मुलांनी खाल्ला.

त्यानंतर माझी प्रार्थना बदलली. चांगली झाली असं म्हणत नाही, फक्त बदलली. आधी मी देवाला केस समजावून सांगायची, जणू त्याला पंचनामा मिळालाच नाही. आता वाटतं की त्या रात्री रस्त्यावर ट्रॉली कोणी लावली आणि त्या रात्री वॉर्डात तीन वाजता काय झालं, या दोन्ही गोष्टी पूर्ण ठाऊक असलेला एकच जण आहे. तो गप्प आहे. त्याच्या गप्प बसण्याचा मला अजूनही राग येतो आणि तो राग मी त्याच्यापाशीच काढते. त्याची परवानगी बायबलमध्येच आहे. स्तोत्रं उघडून बघा, निम्मी तक्रारीचीच. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी एक दिलाशाचा शब्द नाही. हबक्कूक संदेष्टा पहिल्याच पानावर विचारतो की मी किती दिवस ओरडू आणि तू ऐकणार नाहीस. ईयोब तर एकतिसाव्या अध्यायात चक्क म्हणतो, ही माझी सही, आता सर्वसमर्थानं मला उत्तर द्यावं. वकीलपत्रावर सही केल्यासारखं. देवानं यांतल्या एकालाही कोर्टाची बेअदबी केली म्हणून हाकललं नाही.

शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीन आमच्याकडे येशूनं क्रुसावर काढलेल्या सात उद्गारांची उपासना असते. गेल्या वर्षी चौथा उद्गार माझ्याकडे होता: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? मी कागदावर पुष्कळ लिहून नेलं होतं. उभी राहिल्यावर त्यातलं फारसं बोलले नाही. एवढंच म्हणाले की आपल्या देवाला कोर्टाचा अनुभव आहे. खोटे साक्षीदार त्यानं पाहिलेत. या माणसात मला काही दोष आढळत नाही, असं त्याचा न्याय करणारा रोमी सुभेदार पिलात एकदा नव्हे, तीनदा म्हणाला आणि तरी शिक्षा दिली. 'का' हा प्रश्न त्यानंही विचारला आणि दुपारी तीनपर्यंत त्याला उत्तर आलं नाही. मग मी खाली बसले. पुढच्या बाकावर वहिनी होती. तिनं मागे न बघता हात मागे केला आणि मी तो धरला. सातवा उद्गार संपेपर्यंत तसाच होता.

बायबलमध्ये प्रेषित पौल रोमकरांना लिहितो की सूड घेऊ नका, फेड करणं देवाकडे आहे. तरुणपणी मला ही धमकी वाटायची: थांबा, तुम्हाला देव बघून घेईल. हल्ली ते वाचताना ड्युटी हँडओव्हर केल्यासारखं वाटतं. पेशंट बरा झालेला नसतो, पण चार्ज दुसऱ्याकडे गेलेला असतो आणि आपण घरी जाऊन झोपू शकतो. अर्थात मी पुष्कळदा हँडओव्हर देऊनही वॉर्डात घुटमळते. ट्रॅक्टरमालकाचा मुलगा मला बाजारात दिसतो. कधी नमस्कार करतो. तेव्हा पोटात जे होतं ते मी इथे लिहिणार नाही.

आई २०२१ मध्ये गेली, झोपेतच, सत्त्याऐंशीव्या वर्षी. तिचं बायबल माझ्याकडे आलं. रेडियम कापायला बसण्याआधी आज सकाळी ते उघडलं. लूक अठराच्या समासात वरून खाली बारीक पेन्सिलनं तारखा आहेत. पहिली २०१० ची. कोर्टाच्या तारखा, एकही चुकलेली नाही. काहींच्या पुढे "साक्षीदार गैरहजर", काहींच्या पुढे "साहेब रजेवर", एकीपुढे नुसतं "पाऊस". २०१८ च्या निकालाची तारीखही आहे, तिच्यापुढे काही लिहिलेलं नाही.

मला वाटलं होतं, यादी तिथे संपत असेल. पण पान उलटल्यावर दिसलं की तारखा पुढेही आहेत. २०१९, २०२०, २०२१. महिन्यातून एक, कधी दोन. शेवटची ती गेली त्याच्या अकरा दिवस आधीची, अक्षर थरथरलेलं. प्रत्येकीपुढे एकच शब्द: "हजर".

सहा वाजत आले. पांढरी दोन भेंडोळी अजून तशीच आहेत.